वेड, गुन्हा आणि डॉक्टरची साक्ष

श्रोतेहो, 'वेड पांघरून पेडगांवला जाणें' ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकली असेल. वेड हें घोंगडीसारखें अंगावर घेतां येतें आणि काम झालें कीं काढून ठेवतां येतें, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत या म्हणींत सांठलेली आहे. ती समजूत अगदींच खोटी नाहीं. परंतु हिच्या उलट अर्थाची म्हण मात्र मला कोठें आढळली नाहीं. खरेंखुरें वेडही पुष्कळदां शहाणपण पांघरून हिंडत असतें. तें शेत नांगरतें, बाजार करतें, हिशेब चोख ठेवतें. आणि एके दिवशीं त्याच्या हातून असें कृत्य घडतें कीं सारें गांव हादरून जातें. मग पोलीस येतात, पंचनामा होतो, खटला उभा राहतो, आणि न्यायाधीशांपुढें एकच प्रश्न येऊन ठेपतो : या मनुष्यानें वेड पांघरलें आहे, कीं आजवरचें त्याचें शहाणपणच पांघरलेलें होतें? या प्रश्नाचें उत्तर न्यायाधीश डॉक्टरला विचारतात. तें देण्याची विद्या डॉक्टरला कोणीं, केव्हां आणि कितपत शिकविली, याचा इतिहास आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

मी कायदेपंडित नाहीं, वैद्यही नाहीं. राळेगांवीं राहणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. या विषयाकडे मी वळलों तो एका साक्षीमुळें, आणि ती साक्ष माझी स्वतःचीच होती.

सुमारें ३५ वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका जिल्ह्यांतील खेड्यांत शिक्षक होतों. माझ्या हाताखालून गेलेल्या एका विद्यार्थ्यानें, तेव्हां तो पंचविशीच्या आंतबाहेर होता, आपल्या सख्ख्या चुलत्याचा कुऱ्हाडीनें जीव घेतला. भांडण धुऱ्याचें होतें असें सर्वजण म्हणत; आमच्या वऱ्हाडांत भांडण म्हटलें कीं तें धुऱ्याचेंच असावयाचें. शाळेच्या दाखल्यावरून त्याचें वय शाबीत करण्यासाठीं मला न्यायालयांत बोलावणें आलें. वय सांगून झाल्यावर सरकारी वकिलांनीं आणखी एक प्रश्न केला, "मुलगा अभ्यासांत कसा होता?" मीं कांहींशा अभिमानानेंच उत्तर दिलें, "गणितांत पहिला." तेवढ्यावर मी पिंजऱ्यांतून खालीं उतरलों.

खुनापूर्वीं दोन महिने तो मुलगा आपल्या घरच्या विहिरीचें पाणी पीत नव्हता. चुलता त्यांत कांहींतरी कालवितो, असें तो म्हणे, आणि रोज पहांटे अर्धा कोस चालून नदीवरून घागर भरून आणी. हें मला ठाऊक होतें. गांवांतील अनेकांना ठाऊक होतें. परंतु तें मला कोणीं विचारलें नाहीं, आणि मींही आपण होऊन सांगितलें नाहीं. डॉक्टरांनीं त्याला एकदां पाहिलें होतें. तो आपलें नांव, गांव, वार, तिथि सारें बरोबर सांगत होता. त्याला जन्मठेप झाली. पुढें त्याच्या आईनें मला सांगितलें कीं, तुरुंगांतसुद्धां पहिलें वर्षभर दुसऱ्या कोणीं समोर पिऊन दाखविल्यावांचून तो नळाचें पाणी तोंडाला लावीत नसे. तेव्हांपासून 'गणितांत पहिला' हे माझे दोन शब्द मला स्वस्थ बसूं देत नाहींत. असो.

उन्मादाचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेंत उन्मादाचे पांच प्रकार सांगितले आहेत : वात, पित्त आणि कफ यांपासून होणारे तीन, तिन्ही दोषांच्या संनिपातानें होणारा चौथा, आणि बाहेरून येणारा, म्हणजे आगंतुक, हा पांचवा. मनुस्मृतीनें उन्मत्ताला वारसाहक्कांतून वगळलें, पण त्याला अन्नवस्त्र देण्याचें कर्तव्य वांटा घेणारांवर टाकलें. वारसाहक्काच्या बाबतींतला हा प्रतिबंध पुढें १९२८ सालीं सैल झाला आणि १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें पुरता उठला. वैद्यानें रोगाचा विचार करावा आणि शास्त्रीपंडितांनीं हक्काचा, अशा या दोन निरनिराळ्या वाटा होत्या. त्या दोन वाटा एकाच न्यायालयाच्या दारांत येऊन मिळाल्या त्या इंग्रजी अमदानींत.

१८५८ सालीं कंपनीचें राज्य जाऊन राणीचें राज्य आलें, आणि त्याच वर्षीं वेड्यांसंबंधीं तीन कायदे झाले. त्यांपैकीं एकानें वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावून दिली. नागपूरचें इस्पितळ १८६४ सालीं, रत्नागिरीचें १८८६ सालीं, तर ठाण्याचें १९०१ सालीं सुरू झालें. पुण्याजवळ येरवड्याचें त्यानंतरचें. आज हीं चारही प्रादेशिक मनोरुग्णालयें म्हणून ओळखलीं जातात. आमच्या भागाला नागपूर जवळचें. पण जवळचें म्हणजे किती? तेव्हां वऱ्हाड हा निजामाचा, परंतु १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलेला मुलूख होता, आणि आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा या नांवानें ओळखला जाई. नागपुरास आगगाडी पोंचली ती १८६७ सालीं. त्यापूर्वीं राळेगांवाहून कोणा वेड्याला नागपुरास न्यावयाचें तर बैलगाडींत बांधून, वर्धा नदी उतरून, तीन-चार दिवसांची वाट चालावी लागे. पावसाळ्यांत नदीनें वाट अडविली तर घरच्या खुंट्याला साखळी बांधणें एवढाच उपाय उरे. दावणीला गुरें आणि ओसरीला माणूस, हें दृश्य माझ्या आजोबांनीं पाहिलें होतें, आणि एका ठिकाणीं मींही पाहिलें आहे.

आतां कायद्याकडे वळूं. ज्या कसोटीवर आजही आपल्या न्यायालयांत वेडाची परीक्षा होते, ती कसोटी लंडनच्या एका खुनांतून जन्मास आली. २० जानेवारी १८४३ रोजीं डॅनियल मॅक्नॉटन नांवाच्या एका स्कॉटिश कांतारी कारागिरानें मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील यांचे खासगी चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांच्यावर पिस्तूल झाडलें. ड्रमंड पांच दिवसांनीं मरण पावले. सत्ताधारी टोरी पक्ष आपला पिच्छा पुरवीत आहे, अशी त्या कारागिराची पक्की भावना होती. खटल्यांत अनेक डॉक्टरांच्या साक्षी झाल्या. बचावाच्या वकिलांनीं आयझॅक रे या अमेरिकन वैद्यानें १८३८ सालीं लिहिलेल्या, उन्मादाच्या न्यायवैद्यकावरील ग्रंथाचा आधार घेतला. आरोपी निर्दोष सुटला आणि वेड्यांच्या इस्पितळांत गेला. त्यावर इंग्लंडांत गहजब उडाला. तेव्हां उमरावांच्या सभेनें न्यायाधीशांना प्रश्न विचारून त्यांच्याकडून उत्तरें घेतलीं. हीं उत्तरें म्हणजेच मॅक्नॉटन नियम. मॅक्नॉटनला पुढें १८६४ सालीं ब्रॉडमूर येथील नव्या इस्पितळांत हलविलें. आमच्या नागपूरचें इस्पितळ निघालें तें नेमकें त्याच वर्षीं.

हा विचार १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या कलमांत उतरला, आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आला. कलमाचा आशय असा : कृत्य करतेवेळीं मनाच्या विकृतीमुळें ज्याला आपण काय करीत आहों हें कळत नव्हतें, किंवा जें करीत आहों तें अन्याय्य अथवा कायद्याविरुद्ध आहे हें कळत नव्हतें, त्याचें कृत्य अपराध होत नाहीं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्या २२ व्या कलमांत हीच कसोटी कायम आहे. शब्दांकडे बारकाईनें पाहा. आज न्यायालयांत उभा असलेला मनुष्य शहाणा आहे कीं वेडा, असें कलम विचारीत नाहीं. 'कृत्य करतेवेळीं' त्याची स्थिति काय होती, असें तें विचारतें. शिवाय त्याला कळत होतें काय, एवढेंच विचारतें. कळूनही स्वतःला आवरण्याची शक्ति त्याच्याजवळ होती काय, हें विचारीत नाहीं.

ही कसोटी किती अरुंद आहे, हें १८८६ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें आलेल्या लक्ष्मण दगडू याच्या खटल्यावरून ध्यानांत येईल. हा मनुष्य तापानें अंथरुणास खिळला होता. ताप चढला कीं त्याला आवाज सहन होत नसे. लहान मुलांच्या रडण्यानें त्रासून त्यानें आपल्याच दोन लेंकरांना कुऱ्हाडीनें मारलें. प्रेतें लपविण्याचा त्यानें प्रयत्न केला नाहीं, आणि कृत्याची कबुलीही दिली. न्यायालयाच्या मतें तो त्या वेळीं भ्रमांत नव्हता. आपण काय करीत आहों हें त्याला समजत होतें, म्हणून तें दोषास्पद आहे हेंही समजत असलेंच पाहिजे. तो खुनाचा अपराधी ठरला. बापानें पोटच्या पोरांचा जीव घ्यावा आणि पुढें नुसता बसून राहावा, ही घटना वाचतांना मन विषण्ण होतें. पण कायद्यानें मोजावयाचें माप एकच दिलें होतें, तें म्हणजे जाणीव.

हें माप लावावयाचें कोणीं? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ४५ व्या कलमांत तज्ज्ञाचें मत ग्राह्य ठरविलें, आणि त्या कलमाखालीं दिलेल्या उदाहरणांत आरोपीच्या वेडाचें उदाहरण मुद्दाम घातलें. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें आणखी स्पष्ट सांगितलें कीं, आरोपी वेडा असून स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे असें वाटल्यास मॅजिस्ट्रेटनें त्याची जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनकडून, किंवा सरकार सांगेल त्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून, तपासणी करवावी व त्या डॉक्टरची साक्ष घ्यावी. श्रोतेहो, सिव्हिल सर्जन म्हणजे सबंध जिल्ह्याचा डॉक्टर. सकाळीं त्यानें हाड बसवावें, दुपारीं प्रेताची चिरफाड करावी, संध्याकाळीं पटकीची साथ पाहण्यास जावें, आणि या सर्वांमधून वेळ काढून कोणाच्या मनांत काय चाललें होतें हेंही सांगावें! त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याला तें शिकविलेंच नव्हतें.

मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं स्थापन झालें, आणि नागपूरचें रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ सालीं. वैद्यकीय न्यायशास्त्राचा अभ्यास होता, पण त्याचा भर विषें, जखमा, गळफास आणि बुडून आलेलें मरण यांवर असे. या देशांतील गरजाही तशाच होत्या. ग्रँट मेडिकल कॉलेजांत अध्यापन करणारे आयझिडोर लायन हे मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक होते; त्यांनीं या विषयावर लिहिलेला ग्रंथ पुष्कळ वर्षें प्रमाण मानला गेला. १९२० सालीं डॉ. जयसिंग मोदी यांचा ग्रंथ निघाला, आणि त्याच्या नव्या आवृत्त्या आजही वकिलांच्या कपाटांत असतात. त्यांत उन्मादावर प्रकरण आहे. परंतु पुस्तकांतलें प्रकरण वाचणें आणि भ्रम झालेल्या माणसासमोर तासन्‌तास बसून त्याचें मन उलगडणें, यांत पोहण्यावरचा धडा वाचणें आणि पुरांत उडी घेणें एवढें अंतर आहे.

मनोविकारांचें स्वतंत्र शिक्षण आपल्याकडे फार उशिरां आलें. रांची येथें युरोपीय रुग्णांसाठीं १९१८ सालीं इस्पितळ निघालें, आणि तेथें १९२२ पासून लंडन विद्यापीठाच्या पदविकेची तयारी करण्याची सोय झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत मनोरुग्णांसाठीं बाह्यरुग्ण विभाग निघाला तो १९३८ सालीं. आरोग्यविषयक पाहणी करणाऱ्या भोर समितीनें १९४६ सालीं अहवाल दिला, तेव्हां सबंध हिंदुस्थानांत मनोरुग्णांसाठीं सुमारें १० हजार खाटा होत्या. समितीनें या विषयाच्या शिक्षणाचा आग्रह धरला. त्याचें फळ म्हणून १९५४ सालीं बंगलोर येथें अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तीच आजची निम्हान्स. म्हणजे दंडसंहितेनें डॉक्टरला प्रश्न विचारण्यास आरंभ केला १८६२ सालीं, आणि त्याचें उत्तर शिकविणारी आपली मोठी संस्था निघाली ती ९२ वर्षांनंतर.

नुसता अनुभव आणि शास्त्रशुद्ध शिक्षण यांतला भेद महाराष्ट्राला एका भयंकर खटल्यानें दाखविला. १९६८ सालीं मुंबईच्या उपनगरांत, उघड्यावर आणि झोंपड्यांत निजलेल्या गोरगरिबांचे डोक्यांत घाव घालून खून होऊं लागले. ऑगस्ट महिन्यांत रामन राघव याला पकडण्यांत आलें. १९६९ सालीं खटला उभा राहिला, तेव्हां मुंबईच्या पोलीस सर्जननीं त्याला २८ जूनपासून २३ जुलैपर्यंत नजरेखालीं ठेवून, त्याला मनोविकार नाहीं असा निर्वाळा दिला. बचावपक्षातर्फें आलेल्या मनोविकारतज्ज्ञानें सांगितलें कीं, त्याला फार दिवसांचा भ्रमयुक्त स्किझोफ्रेनिया आहे. सत्र न्यायालयानें फांशीची शिक्षा दिली. आरोपीनें अपील करण्याचें नाकारलें. शिक्षा कायम करण्यापूर्वीं उच्च न्यायालयानें तीन मनोविकारतज्ज्ञांचें मंडळ नेमण्याचा हुकूम केला. मंडळानें त्याची पांच वेळां, प्रत्येक वेळीं सुमारें दोन तास, मुलाखत घेतली. शेवटच्या भेटींत निरोप घेतांना त्यांनीं हात पुढें केला, तेव्हां आपण 'कानूना'चे प्रतिनिधि असून या दुष्ट जगांतील माणसांना शिवणार नाहीं, असें म्हणून त्यानें हात मागें घेतला. मंडळाचें निदान बचावपक्षाच्या तज्ज्ञासारखेंच झालें. पुढें त्याची फांशी जन्मठेपेंत बदलली, आणि १९९५ सालीं तो पुण्याच्या ससून रुग्णालयांत मरण पावला.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. पोलीस सर्जननीं जवळजवळ महिनाभर पाहिलें. मंडळानें सुमारें दहा तास पाहिलें. फरक वेळेचा नव्हता. काय विचारावें, कसें ऐकावें आणि ऐकलेल्याचा मेळ कसा घालावा, या शिक्षणाचा होता. हा खटला सांगितल्यानें मारल्या गेलेल्या निरपराध लोकांचें दुःख कमी होतें असें नव्हे. पण न्यायालयाला सत्य कळणें हा त्यांचाही हक्क आहे.

खटल्याबाहेरही या अज्ञानाची किंमत माणसांनीं दिली आहे. बिहारमधील हजारीबाग तुरुंगांत वेडे म्हणून ठेवलेले कित्येक कैदी, बरे झाल्यावरही, दोन-दोन तीन-तीन दशकें तसेच पडून होते, हें १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें उघडकीस आलें. कोणा डॉक्टरनें वेळेवर तपासून 'आतां बरा आहे' एवढें लिहावयास हवें होतें, आणि कोणा अधिकाऱ्यानें तें वाचावयास. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनीं दाद मागितल्यावरून १९९३ सालीं त्याच न्यायालयानें निर्णय दिला कीं, कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगांत ठेवणें बेकायदेशीर व घटनाबाह्य आहे. त्या वर्षापर्यंत अशीं माणसें तुरुंगांत होतीं, ही गोष्ट पुन्हां एकदां मनाशीं म्हणून पाहावी.

आतां एक दिलासा देणारी हकीकत सांगतों. महाराष्ट्रांतील एका पोलीस शिपायानें एप्रिल १९९४ मध्यें दिवसाउजेडीं आपल्या पत्नीचा पाट्याच्या दगडानें जीव घेतला. खालच्या दोन्ही न्यायालयांनीं त्याला दोषी ठरविलें. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सारा वृत्तांत पुन्हां चाळला. त्याच्या वडिलांना मनोविकार होता. त्याच्यावर स्वतःवर १९९२ पासून भ्रमयुक्त स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या अवधींत त्याला २५ वेळां इस्पितळांत न्यावें लागलें होतें. नोकरीचा राजीनामा देण्यास पत्नी विरोध करी, एवढेंच क्षुल्लक कारण पुढें आलें होतें. तो पळाला नव्हता. त्यानें कांहीं लपविलें नव्हतें. घटनेपूर्वीचें, घटनेच्या वेळचें आणि घटनेनंतरचें वर्तन एकत्र पाहून न्यायालयानें त्याला ८४ व्या कलमाचा लाभ दिला. हा निकाल मीं प्रथम वाचला तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें ती पहांटेची घागर उभी राहिली. डॉक्टरांचीं नीट ठेवलेलीं टिपणें नसतीं, तर या शिपायाच्या बाबतींतही कोणीतरी 'कामावर नियमित' एवढेंच सांगून पिंजऱ्यांतून उतरलें असतें.

कायदाही हळूहळू बदलत गेला. २००९ च्या पांचव्या अधिनियमानें फौजदारी प्रक्रिया संहितेंत अशी भर घातली कीं, सिव्हिल सर्जनला आरोपी मनोविकृत आढळल्यास त्यानें त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे अथवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञाकडे पाठवावें; आणि आरोपीला तें मत मान्य नसल्यास त्याला वैद्यकीय मंडळाकडे दाद मागतां यावी. त्या मंडळांत जवळच्या सरकारी रुग्णालयाचे मनोविकार विभागप्रमुख आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील या विषयाचे एक अध्यापक असावेत. २०१९ च्या एप्रिलमध्यें, महाराष्ट्रांतीलच एका खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, शिक्षा झाल्यानंतर जडलेला तीव्र मनोविकारही फांशी रद्द करण्यास कारण होऊं शकतो. त्या कैद्याचें नांव निकालांत मुद्दाम दिलेलें नाहीं. त्याच्या आजाराचा डांगोरा पिटला जाऊं नये म्हणून. फांशी रद्द झाली. पण उरलेलें सारें आयुष्य त्यानें तुरुंगांतच काढावें आणि सरकारनें त्याच्यावर उपचार करावेत, असा हुकूम झाला.

मग यासाठीं डॉक्टरला शिकवावयाचें तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे दोन भूमिकांतला भेद. उपचार करणारा डॉक्टर रोग्याचा असतो; न्यायालयासाठीं तपासणारा डॉक्टर सत्याचा असतो, आणि तें तपासणीच्या आरंभींच त्यानें आरोपीला सांगितलें पाहिजे. दुसरी गोष्ट, मागें जाऊन पाहण्याची विद्या. तपासणी आज होते, कृत्य सहा महिन्यांपूर्वीं घडलेलें असतें. तेव्हां घरचे, शेजारी, शिक्षक, दुकानदार यांना विचारून त्या दिवसाची मनःस्थिति जुळवावी लागते. तिसरी गोष्ट, सोंग ओळखणें. सोंग घेणारा आपलें वेड दाखविण्यास उत्सुक असतो व लवकर थकतो; खरा रोगी पुष्कळदां आपलें वेड लपवितो. चौथी गोष्ट, भाषा आणि चालीरीति. आमच्या जिल्ह्यांत कोलामी आणि गोंडी बोलणारे लोक राहतात. देवीच्या जत्रेंत अंगांत येणारी बाई वेडी नव्हे. आणि तिच्या शेजारीं शांत बसून विहिरीच्या पाण्याकडे संशयानें पाहणारा मनुष्य शहाणा असेलच असें नाहीं. पांचवी गोष्ट, न्यायाधीशाला समजेल अशा साध्या भाषेंत अहवाल लिहिणें, आणि उलटतपासणींत 'मला ठाऊक नाहीं' असें म्हणण्याचें धैर्य.

अमेरिकेंत या विषयाच्या तज्ज्ञांची संस्था १९६९ सालीं निघाली, आणि मनोविकारशास्त्राचें शिक्षण पुरें झाल्यावर आणखी एक वर्ष या शाखेचा अभ्यास करण्याची पद्धत तेथें रुजली. १९९४ पासून तिची स्वतंत्र परीक्षाही होऊं लागली. इंग्लंडांत ही मनोविकारशास्त्राची मान्य शाखा आहे. आपल्याकडे निम्हान्समध्यें पदव्युत्तर शिक्षणानंतर या शाखेचा विशेष अभ्यास करण्याची सोय झालेली आहे. तरी १४० कोटींच्या देशांत हें रोपटें अद्याप लहान आहे.

आणि प्रश्न केवळ थोड्या तज्ज्ञांचा नाहीं. राळेगांवच्या आरोपीला प्रथम पाहणार तो तालुक्याचा वैद्यकीय अधिकारी, तुरुंगांत पाहणार तो तुरुंगाचा डॉक्टर. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें हें ओळखलें आहे. त्याच्या ३१ व्या कलमांत सरकारी आरोग्यसंस्थांतील आणि तुरुंगांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तांतडीच्या मानसोपचाराचें शिक्षण देण्याचें कर्तव्य सरकारवर टाकलें आहे. मनोविकारतज्ज्ञादींची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्यासाठीं दहा वर्षांची मुदतही त्यांतच आहे. २०१८ सालीं कायदा अंमलांत आला, म्हणजे ती २०२८ सालीं पुरी होते. याच कायद्याच्या ११५ व्या कलमानें, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वांचविलें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें ज्या जिल्ह्याचें नांव साऱ्या देशांत झालें, त्या यवतमाळ जिल्ह्यांतील माणसाला या कलमाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. एके काळीं विषाच्या बाटलीपासून वांचलेला शेतकरी इस्पितळाच्या खाटेवर शुद्धीवर येई, आणि त्याच्या उशाशीं पोलीस उभा असे.

श्रोतेहो, कायदा सुधारला, शास्त्र वाढलें, आणि शिकलेले डॉक्टरही उद्यां येतील. पण त्यांनीं प्रश्न विचारावयाचे ते शेवटीं आपल्यालाच. आपल्या घरांत, शेजारीं, वाड्यांत, चाळींत एखादा मनुष्य अन्नपाण्यावर संशय घेऊं लागला, रात्र-रात्र जागूं लागला, कोणी आपल्याविरुद्ध कट करतो असें पुनः पुनः म्हणूं लागला, तर त्याला हंसूं नका आणि लपवूंही नका. त्याला वेळींच डॉक्टरकडे न्या. चुलता वांचतो आणि पुतण्याही. आणि दुर्दैवानें न्यायालयांत उभें राहण्याची पाळी आलीच, तर विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देऊन थांबूं नका. जें ठाऊक आहे तें वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या कानांवर घाला.

तो माझा विद्यार्थी शिक्षा भोगून परत आला, तेव्हां त्याची आई हयात नव्हती. तुरुंगांत पुढें केव्हांतरी त्याच्यावर उपचार झाले होते. तो मला भेटावयास आला. केस पिकलेले, बोलणें शांत. मीं पाण्याचा तांब्या पुढें केला. क्षणभर त्यानें माझ्याकडे पाहिलें, आणि मग सारें पाणी पिऊन टाकलें. "मास्तर, तेव्हां मला बरें नव्हतें," एवढेंच तो म्हणाला. जें त्याला आतां एका वाक्यांत सांगतां आलें, तें मला त्या दिवशीं पिंजऱ्यांत सांगतां आलें नव्हतें. आज तें आपणां सर्वांपुढें सांगितलें आहे.